रिमू फळला तरच : काकापो पोपटाची पार्श्वभूमी

कासच्या पठारावर टोपली कारवी साधारण सात वर्षांतून एकदा फुलते. ते वर्ष जवळ आलं की साताऱ्यात त्याची चर्चा सुरू होते. फुलून बी धरलं की ती झुडपं वाळून जातात आणि पुढच्या बहरासाठी पुन्हा तितकीच वाट पाहावी लागते. झाडाच्या अशा लांब पाळीशी एखाद्या पक्ष्याने आपली सगळी वीण बांधून घ्यावी, हे पटायला अवघड आहे. पण न्यूझीलंडचा काकापो नेमका तसाच जगतो, आणि कारवीची वाट पाहणाऱ्या आपल्या भागातल्या माणसांना त्याची गोष्ट लवकर उमगेल असं मला वाटतं.

त्याचं वर्ष ठरवतं ते रिमू नावाचं सूचिपर्णी झाड. कारवीसारखं ते फुलून मरत नाही, शेकडो वर्षं उभं राहतं. मात्र भरघोस फळतं ते दोन ते चार वर्षांतून एखाद्याच वेळी. ज्या हंगामात फळ धरणार, त्याच हंगामात काकापोंची जोडी जमते. एरवी अंडं नाहीच. पिल्लांना भरवायला ही फळं एवढी मोलाची आहेत, की मादी त्यांच्याशिवाय जोखीम घेत नाही.

काकापो हा जगातला सर्वांत वजनदार पोपट, आणि उडता न येणारा एकमेव. मोठा नर चार किलोंपर्यंत भरतो. रंग शेवाळी हिरवा, त्यावर काळपट-पिवळसर ठिपके. दिवसभर दडून बसायचं आणि रात्री एकट्याने हिंडायचं, हा त्याचा शिरस्ता. पंख आहेत, पण उडण्याचे स्नायू जिथे बसतात तो छातीच्या हाडाचा कणा जेमतेम उरला आहे. चोच आणि पाय वापरून तो उंच झाडावर चढतो, उतरताना पंख पसरून तोल सावरतो. खातो फक्त झाडपाला, मुळं, फळं. पानातला रस चावून घेतो आणि चोथा तिथेच लोंबता सोडतो. पुढे शोधायला निघालेल्यांना त्या चोथ्यावरूनच त्याचा माग लागायचा.

विणीच्या हंगामात नर डोंगराच्या सोंडेवर जागा धरतो. जमीन उकरून उथळ खळगा करतो, खळग्याकडे येणाऱ्या पायवाटा काडीकचरा काढून साफ ठेवतो, मग खळग्यात बसून छाती फुगवतो आणि खोल, घुमणारा आवाज काढतो. तो आवाज काही किलोमीटर जातो. रात्रीचे सात-आठ तास, सलग दोन-तीन महिने हे चालतं आणि या खटाटोपात नराचं वजन निम्म्यापर्यंत उतरू शकतं. मादी दुरून चालत येते, आवडेल तो नर निवडते आणि परत जाते. पुढचं सगळं तिच्या एकटीवर : एक ते चार अंडी, महिनाभर उबवणं आणि पिल्लांसाठी रात्र-रात्र चारा गोळा करणं. त्या वेळी घरट्यावर पहारा द्यायला कुणीच नसतं.

संकट जाणवलं की काकापो पळत नाही, जागच्या जागी थिजतो. यावरून त्याला बावळट म्हणतात, ते मला अजिबात मान्य नाही. त्याच्या बेटांवर वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी नव्हता. शत्रू होते ते गरुडासारखे, डोळ्यांनी शिकार हेरणारे. त्यांच्यापुढे शेवाळी रंग घेऊन निश्चल बसणं हाच खरा शहाणपणा. वासावर येणाऱ्या प्राण्यापुढे मात्र तो निरुपयोगी ठरला.

तेराव्या शतकाच्या सुमारास माओरींचे, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांचे, पूर्वज तिथे उतरले, सोबत कुत्रे आणि उंदीर आले. मांसासाठी आणि पिसांच्या झग्यांसाठी काकापो मारले जाऊ लागले. युरोपीय आले ते मांजरं आणि मोठे उंदीर घेऊन. सशांनी मेंढ्यांची कुरणं फस्त केली म्हणून १८८०च्या दशकात स्टोट हा मुंगसाच्या अंगलटीचा शिकारी मुद्दाम आणून सोडला. त्याने सशांपेक्षा पक्ष्यांचा फडशा पाडला.

धोका तेव्हाही ओळखला गेला होता. रिझोल्यूशन बेट १८९१ मध्ये राखीव झालं. १८९४ पासून तिथे रिचर्ड हेन्री हा रखवालदार तोंडाला जाळी बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने पक्षी धरून, होडीतून बेटावर नेऊन सोडायचा. काकापो आणि किवी मिळून शेकडो पक्षी त्याने हलवले. १९०० मध्ये बेटावर स्टोट दिसला. तो समुद्र पोहून पोचला होता. हेन्रीची सारी मेहनत त्यात गेली.

१९७०च्या दशकात न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरच्या फिओर्डलंड या दुर्गम डोंगराळ भागात जे मोजके काकापो सापडले, ते सगळे नर निघाले. जात संपली असंच वाटत होतं. १९७७ मध्ये दक्षिणेकडच्या स्ट्युअर्ट बेटावर शे-दोनशे काकापोंची वस्ती सापडली आणि १९८० मध्ये तिथे मादी मिळाली. पण रानमांजरं त्यांनाही मारत होती, म्हणून पक्षी वाचवण्याचं काम करणारे डॉन मर्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उरलेले पक्षी शिकारी प्राणी नसलेल्या बेटांवर नेले. त्यातलं मुख्य बेट व्हेनुआ होउ. ते सुमारे चौदा चौरस किलोमीटर भरतं, म्हणजे आपल्या सांगलीच्या सागरेश्वर अभयारण्यापेक्षा थोडंसंच मोठं. १९९५ मध्ये साऱ्या जगात मिळून ५१ काकापो होते.

यापुढचा भाग मला सर्वांत शिकण्यासारखा वाटतो. वीण वाढावी म्हणून पक्ष्यांना वरचं खाणं दिलं, तर पिल्लांत नरच जास्त निपजू लागले. धष्टपुष्ट मादीला मुलगे अधिक होतात, हे हिशेबातून लक्षात आलं. मग प्रत्येक मादीचं वजन बघून खाणं बेतलं, आणि २००२ मध्ये २४ पिल्लं जगली, त्यात माद्या अधिक होत्या. रिमू फळणार की नाही याचा अंदाज आता फांद्या तपासून आधीच घेतात. प्रत्येक पक्ष्याला नाव आहे, अंगावर ट्रान्समीटर आहे. फिओर्डलंडमधून आलेला एकच नर वंश ठेवून गेला. त्याचं नावही रिचर्ड हेन्रीच. १९९८ मध्ये त्याची तीन पिल्लं झाली आणि २०१० मध्ये तो गेला. स्ट्युअर्ट बेटाचे पक्षी एकमेकांचे नात्यातले असल्याने त्याचं रक्त फार मोलाचं ठरलं.

२०१९ च्या हंगामात सत्तरहून अधिक पिल्लं वाढली, पण बुरशीच्या आजाराने नऊ पक्षी नेले. २०२२ नंतर संख्या अडीचशेच्या घरात गेली आणि बेटांवर जागा अपुरी पडू लागली. म्हणून २०२३ मध्ये काही नर उत्तर बेटावरच्या माउंगाटौटारी डोंगरावर सोडले. भोवती ४७ किलोमीटरचं कुंपण आहे. त्यातले काही तरीही कुंपण ओलांडून बाहेर पडले आणि ट्रान्समीटरच्या आधारे शोधून परत आणावे लागले. सागरेश्वरची हरणं कुंपणाबाहेर पिकांत शिरतात, तेव्हा नुकसान शेतकऱ्याचं होतं. काकापो बाहेर पडला तर जीव त्याचाच जातो, कारण तिथे स्टोट आहेत. उंदीर, स्टोट आणि पोसम (ऑस्ट्रेलियातून आणलेला, झाडावर राहणारा सस्तन प्राणी) २०५० पर्यंत देशातून हटवण्याचं उद्दिष्ट न्यूझीलंडने २०१६ मध्ये जाहीर केलं आहे. तोवर काकापोला बेटं आणि कुंपणंच आहेत.