वीस निबंध पाठ केले की झालं?

यूपीएससी मुख्य परीक्षेच्या निबंधासाठी पर्यावरण, महिला, शिक्षण असे वीस तयार निबंध पाठ करा, एखादा लागतोच, हा समज जुनाच. २०२२ चा विषय बघा: ‘जंगले ही आर्थिक उत्कृष्टतेची सर्वोत्तम उदाहरणे आहेत’. इथे वृक्षतोडीचा पाठ निबंध उतरवला की विषय हातातून निसटलाच. विचारलंय अर्थकारण: जंगलात काहीच वाया जात नाही, पालापाचोळ्याचं खत होतं, उंच झाडं नि झुडपं ऊन वाटून घेतात.

तीन तासांत दोन निबंध, प्रत्येकी १२५ गुण, १००० ते १२०० शब्द. पहिली पंधरा मिनिटं कच्च्या आराखड्याला द्या. अभ्यासक्रमातच विषयाला धरून, नेमकं लिहा म्हटलंय. किती पानं भरली, हे कुणी मोजत नाही.