ओसिराक : भट्टी पडली, कार्यक्रम उरला

अणुबॉम्ब रोखण्यासाठी बॉम्बफेक योग्य की अयोग्य, हा वाद निघाला की ओसिराकचा दाखला हमखास दिला जातो. बगदादच्या आग्नेयेला तुवैथा इथे फ्रान्सने बांधलेली ही ४० मेगावॉट औष्णिक क्षमतेची संशोधन भट्टी. तिचं इराकी नाव तम्मूझ-१ आणि इंधन ९३ टक्के समृद्ध, म्हणजे सहज फुटणाऱ्या अणूंचं प्रमाण तितकं वाढवलेलं, युरेनियम. सप्टेंबर १९८० मध्ये इराणच्या फँटम विमानांनी तिच्यावर हल्ला केला होता, पण भट्टी बचावली.

७ जून १९८१ ला इस्रायलची आठ एफ-१६ आणि संरक्षणाला सहा एफ-१५ विमानं सिनाईतून उडाली. प्रत्येक एफ-१६ वर दोन हजार पौंडांचे दोन साधे बॉम्ब होते. घुमट फोडून आत गेल्यावरच ते फुटावेत म्हणून फ्यूज उशिराचे लावले होते. भट्टी उद्ध्वस्त झाली; दहा इराकी सैनिक आणि एक फ्रेंच तंत्रज्ञ मारले गेले. घाई होती ती इंधनामुळे. ते भरून भट्टी एकदा सुरू झाली असती, तर हल्ल्यानंतर किरणोत्सार पसरण्याचा धोका होता.

१९ जूनला सुरक्षा परिषदेने ठराव ४८७ एकमताने मंजूर करून हल्ल्याचा निषेध केला. अमेरिकेचं मतही त्यात होतं. इराक अण्वस्त्रप्रसारबंदी कराराचा सदस्य होता आणि भट्टी आंतरराष्ट्रीय तपासणीखाली होती. इस्रायल सदस्य नव्हता, आजही नाही. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं कलम ५१ सशस्त्र हल्ला झाल्यावर स्वसंरक्षणाचा हक्क देतं. अजून सुरूही न झालेल्या भट्टीवरच्या हल्ल्याला त्यात बसवायचं तर शब्द फार ताणावे लागतात.

पण कायद्यापेक्षा पुढे काय घडलं, ते जास्त बोलकं आहे. इराकने उघडी भट्टी सोडून गुप्तपणे युरेनियम समृद्धीकरण हाती घेतलं. त्यासाठी निवडलेल्या कॅल्युट्रॉनमध्ये, म्हणजे मोठ्या विद्युतचुंबकांनी समस्थानिकं (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वजनाचे अणू) वेगळी करणाऱ्या यंत्रांमध्ये, अमेरिकेने दुसऱ्या महायुद्धात वापरलेली जुनी पद्धतच होती. वीज अफाट लागते. पण परदेशातून आणावे लागणारे नाजूक भाग कमी, म्हणून निर्यातबंदीची नजर चुकते. इराकमधल्या तार्मियाचा हा प्रकल्प १९९१ च्या युद्धानंतरच निरीक्षकांच्या हाती लागला. तुवैथात तपासणी चालू असतानाच हे सगळं उभं राहिलं होतं. म्हणजे हल्ल्याने भट्टी गेली, इरादा पक्का झाला.

सीरियात उलट घडलं. ६ सप्टेंबर २००७ ला अल-किबारची भट्टी इस्रायलने पाडली आणि तिथे पुन्हा काही उभं राहिलं नाही. एकच इमारत, तीही परक्या मदतीवर उभी; पाडायला सोपी, पुन्हा उभारायला अवघड.

सेंट्रिफ्यूजचं, म्हणजे प्रचंड वेगाने फिरून युरेनियम समृद्ध करणाऱ्या यंत्रांचं, गणित वेगळं. ते डोंगराखाली बसतात, विखुरता येतात आणि समृद्ध युरेनियम काही मोजक्या टाक्यांत हलवता येतं. जून २०२५ मध्ये अमेरिकेने इराणच्या फोर्दो आणि नतांझ या समृद्धीकरण केंद्रांवर तीस हजार पौंडांचे चौदा बॉम्ब टाकले. इराणकडे तेव्हा ६० टक्के समृद्ध युरेनियम ४०० किलोंहून जास्त होतं. हल्ल्यांनंतर तो साठा निरीक्षकांना तपासता आला नाही. यंत्रं किती मोडली यापेक्षा हा साठा कुठे आहे, हा प्रश्न मोठा.

आपल्याकडेही ऐंशीच्या दशकात पाकिस्तानच्या कहूटा इथल्या युरेनियम समृद्धीकरण केंद्रावर भारत हल्ला करणार, अशी चर्चा होती. उलट दिशेने पाहिलं तर तुर्भे आणि तारापूरची अणुकेंद्रं मुंबईच्या किती जवळ! ३१ डिसेंबर १९८८ ला दोन्ही देशांनी एकमेकांच्या अणुप्रकल्पांवर हल्ला न करण्याचा करार केला. १९९२ पासून दर १ जानेवारीला प्रकल्पांच्या याद्यांची देवाणघेवाण होते. कारगिलनंतरही ती थांबली नाही.