तीन महिन्यांच्या सुईची पार्श्वभूमी

विदर्भातील खेड्यांत ‘कुटुंब नियोजन केले’ म्हणजे ऑपरेशन झाले, असाच अर्थ दोन पिढ्या रूढ राहिला. पाळणा लांबवण्यासाठी ‘माला-डी’ आणि ‘माला-एन’ होत्या. परंतु रोज न चुकता घ्यायची आणि घरात लपवून ठेवायची गोळी अनेकींना झेपली नाही.

वाद पेटला तो गर्भधारणा रोखणाऱ्या हार्मोनच्या सुईवरून. १९८०च्या दशकात एकदा टोचली की दोन महिने पुरणाऱ्या ‘नेट-एन’ सुईच्या चाचण्या सुरू असताना, हा प्रयोग आहे हे स्त्रियांना नीट सांगितले जात नाही, असा आक्षेप घेऊन स्त्री-संघटना १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. ‘डेपो’ या तीन महिन्यांच्या सुईला १९९३ मध्ये खासगी वापराची परवानगी मिळाली. सरकारी कार्यक्रमात मात्र ती नको, असे तज्ज्ञांनी १९९५ मध्ये ठरवले. परिणामी, पैसे मोजू शकणाऱ्या बाईला सुई मिळत राहिली आणि उपकेंद्रावर विसंबलेली बाई वीस वर्षांहून अधिक काळ तिच्यापासून दूर राहिली. आक्षेप निराधार नव्हते. या सुईने हाडांची घनता घटते (सुई थांबवल्यावर ती बऱ्याच अंशी भरून येते), पाळी विस्कळीत होते किंवा थांबते. आणि एकदा टोचलेले औषध त्रास झाला तरी काढून घेता येत नाही. हा शेवटचा मुद्दा मला सर्वांत वजनदार वाटतो. पण त्यावर उपाय सुई नाकारणे हा नव्हता, आधी सगळे समजावून सांगणे हा होता.

पूर्व विदर्भाच्या दृष्टीने ही दिरंगाई अधिकच बोचते. येथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे प्रमाण मोठे आहे आणि त्या आजारात गर्भारपण जोखमीचे असते. या सुईने सिकलसेलच्या वेदनांचे झटके कमी होतात, असे जमैकातील एका अभ्यासात १९८२ मध्येच दिसले होते.

२०१५ मध्ये तज्ज्ञांचे मत बदलले आणि २०१७ पासून ‘अंतरा’ या नावाने ही सुई सरकारी केंद्रांत मोफत मिळू लागली. त्याच सुमारास आलेली ‘छाया’ ही आठवड्याची गोळी हार्मोनची नाही, तरीही दोन्ही नावे सर्रास एकत्र घेतली जातात.

सुई घेतलेली जागा चोळायची किंवा शेकायची नसते, हे सांगावेच लागते. दुखले की शेकणे हा घरोघरचा रिवाज आहे. कार्डावरची पुढची तारीख कापूस वेचणीत आली, तर मजुरी बुडवून उपकेंद्र गाठणे कठीण जाते. त्या तारखेनंतर चार आठवड्यांपर्यंत सुई घेता येते, ही सवलत पहिल्याच भेटीत सांगितली तरच उपयोगी पडते.