विहिरीतला पांढरा दगड आणि ऑक्सिजनचा प्लांट

आपल्याकडं विहीर खोदताना मुरूम संपून खडक लागला की सुरुंगाच्या ढिगाऱ्यात काळ्या दगडाच्या पोकळ्यांमधे पांढरे, कधी गुलाबीसर चमकणारे स्फटिक दिसतात. अजिंठ्याच्या पायथ्याला असलेच दगड टुरिस्ट लोकांना विकतात. त्यातले बरेचसे झिओलाइट नावाच्या खनिजांचे प्रकार असतात, स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट वगैरे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले आणि नंतर त्या पोकळ्यांमधून गरम पाणी झिरपत राहून हे तयार झाले. आणि 2021 ला कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत जिल्ह्याजिल्ह्यात जे पीएसए, म्हणजे दाब कमीजास्त करून हवेतून ऑक्सिजन वेगळा काढणारे प्लांट बसवायची धावपळ चालली होती ना, त्यांच्या टाक्यांमधे याच घराण्यातला माल असतो!

गोष्ट सुरू होते 1756 ला स्वीडनमधे. क्रोनस्टेड नावाच्या खनिजवाल्यानं असा एक दगड फुंकनळीच्या ज्वाळेत धरला तर तो फसफसायला लागला, आतलं पाणी वाफ होऊन बाहेर येत होतं. झिओलाइट हे नाव त्यानंच दिलं. पण माझ्या मते खरा शोध 1840 चा, दामूर नावाच्या फ्रेंच माणसाचा. त्यानं दाखवलं की दगड तापवून पाणी काढलं तरी स्फटिकाचा आकार तसाच राहतो आणि परत ओल मिळाली की तो तेवढंच पाणी आत घेतो. म्हणजे घेणं-सोडणं कितीही वेळा, सांगाडा शाबूत. हे एवढं मोठं हाती लागलं होतं आणि तरी पुढची शंभर वर्षं त्याचा धंदा कुणाला सुचला नाही, याचं मला नवल वाटतं.

मधल्या काळात कळलं ते असं की आत एकसारख्या मापाच्या बारीक पोकळ्या असतात, 1925 ला वायगेल आणि स्टाइनहॉफनं पाहिलं की चॅबझाइट नावाचा झिओलाइट पाणी आणि अल्कोहोल आत घेतो पण बेंझीनला घेत नाही, कारण त्याचा रेणू दारातून मावतच नाही. 1932 ला मॅकबेननं याला रेणूंची चाळणी म्हटलं. मग 1949 पासून अमेरिकेत युनियन कार्बाइडमधे रॉबर्ट मिल्टननं कारखान्यात झिओलाइट बनवायला घेतले आणि 1954 ला ते बाजारात आले.

आता ऑक्सिजन. हवेत नायट्रोजन 78 टक्के, ऑक्सिजन 21. लोकांना वाटतं चाळणी आहे म्हणजे मोठा रेणू अडतो आणि लहान जातो, इथं तसं नाही, दोन्ही आत मावतात. पण सांगाड्यात सोडियम किंवा लिथियमचे आयन बसलेले असतात, ते नायट्रोजनला जास्त जोरात धरतात. कॉम्प्रेसरनं दाब वाढवला की नायट्रोजन चिकटतो आणि ऑक्सिजन पुढं निघून जातो, दाब सोडला की नायट्रोजन सुटतो आणि टाकी परत मोकळी. दोन टाक्या आळीपाळीनं चालवायच्या, एक घेत असते तेव्हा दुसरी सोडते. ही पद्धत स्कारस्ट्रॉमची, पेटंट 1960 चं. यातून साधारण 93 टक्के ऑक्सिजन मिळतो, शंभर टक्के नाहीच होत कारण हवेतला आर्गॉन वायू ऑक्सिजनसोबतच जातो.

विहिरीतला दगड कुटून टाकीत भरता येईल का? तर नाही, प्लांटमधे लागतो तो कारखान्यात बनवलेला, मोठ्या दारांचा एक्स प्रकार. मे 2021 मधे तर तो परदेशातून विमानानं आणावा लागला होता.

अजून एक, या मालाला नायट्रोजनपेक्षा पाणी कितीतरी जास्त आवडतं. म्हणून हवा आधी ड्रायरमधून न्यावी लागते, आणि पावसाळ्यात ड्रायर बिघडला किंवा प्लांट नुसता पडून राहिला आणि टाकीत दमट हवा शिरत गेली तर ऑक्सिजनची शुद्धता घसरायला लागते. ते पाणी नुसता दाब सोडून निघत नाही, माल चांगला तापवावा लागतो, नाहीतर सरळ बदलावा लागतो.