ऑस्कर आणि गोल्डफिश: ‘लहानपणापासून एकत्र’चा भ्रम

‘दोघांना पिल्लं असतानाच एका टाकीत सोडा, सवय होते, मग ऑस्कर गोल्डफिशला हात लावत नाही.’ दुकानांतून हा सल्ला वर्षानुवर्षं मिळतोय. सुरुवातीला तो खराही वाटतो, म्हणूनच टिकलाय.

ऑस्कर हा ॲमेझॉनच्या खोऱ्यातला, सिक्लिड कुळातला मासा. दुकानात दोन इंचांचा असतो, तेव्हा गोल्डफिश त्याच्या तोंडात मावत नाही. म्हणून शांतता. पण तो झपाट्याने वाढतो, वर्षभरात आठ-दहा इंचांचा होतो आणि तोंड फाकवून पाण्यासकट भक्ष्य आत ओढतो. शेजारी ओळखीचा आहे की नवा, याच्याशी त्याला घेणंदेणं नसतं. मावतो की नाही, एवढंच. पोट भरलेलं असलं तरी समोरून जाणारा लहान मासा तो सोडेलच असं नाही. वयात येऊन जोडी जमली की सपाट दगडावर अंडी घालतात आणि मग न मावणाऱ्यांवरही तुटून पडतात.

गोल्डफिश गिळला तर ऑस्करचंही भलं होत नाही. त्या मांसात थायमिनेज नावाचं विकर (एन्झाइम) असतं, ते बी-१ जीवनसत्त्व नष्ट करतं. शिवाय ऑस्करला २५-२८ अंश पाणी लागतं, गोल्डफिशला त्याहून थंड. म्हणजे भांडण झालं नाही तरी एकाची गैरसोय ठरलेलीच.

जाळीचा पडदा लावून काही दिवस निभतात. कायमचा उपाय दुसरी टाकी. ऑस्करला सोबत हवीच असेल तर सिल्व्हर डॉलरसारखे, त्याच्या तोंडात न मावणारे मासे बघा, आणि टाकी चांगली मोठी घ्या.