ब्राझीलचा कोटा कायदा
ब्राझीलमध्ये केंद्र सरकारच्या युनिव्हर्सिटी आणि तांत्रिक संस्थांमधल्या निम्म्या जागा सरकारी शाळेत शिकलेल्या मुलांसाठी राखून ठेवणारा हा कायदा, २९ ऑगस्ट २०१२ ला राष्ट्राध्यक्ष डिल्मा रुसेफ यांनी त्यावर सही केली. कृष्णवर्णीय, मिश्रवर्णीय आणि आदिवासी मुलांचा वाटा या निम्म्यातूनच काढतात, त्या त्या राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे, म्हणजे बाहियात तो मोठा आणि सांता कातारिनात लहान.

सरकारी शाळेची अट का, तर तिथे सरकारी युनिव्हर्सिटीत फी नाही आणि शिक्षणही बहुतेक वेळा सगळ्यात चांगलं, पण सरकारी शाळा मात्र कमजोर, त्यामुळे महागड्या खाजगी शाळेत शिकलेली, बहुतांशी गोऱ्या घरांतली मुलं एन्ट्रन्स काढायची आणि मेडिकलसारखे कोर्स सरकारच्या पैशात करायची. गुलामगिरी १८८८ ला कायद्याने संपली, पण सुटलेल्यांना ना जमीन मिळाली ना शाळा, आणि हा अन्याय पुढे कित्येक पिढ्या तसाच चालत आला.

कोट्याची सुरुवात कायद्याच्या आधीच, राजधानी ब्राझिलियातून नाही तर रिओच्या राज्य युनिव्हर्सिटीपासून झाली, २००३ ला, मग २००४ ला ब्राझिलियाच्या युनिव्हर्सिटीने कोटा लावला. लोक कोर्टात गेले, पण एप्रिल २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने कोटा वैध ठरवला.

सगळ्यात अवघड भाग म्हणजे कृष्णवर्णीय कोण हे ठरवायचं कसं, कारण तिथे आपल्यासारखा जातीचा दाखला नसतो, उमेदवार स्वतःच सांगतो. २००७ ला ब्राझिलियात फोटो बघून निवड करणाऱ्या कमिटीने हुबेहूब दिसणाऱ्या जुळ्या भावांपैकी एकाला कोट्यात घेतलं आणि दुसऱ्याला नाकारलं, मग अपील केल्यावर त्यालाही घेतलं आणि फोटोची पद्धतच बंद झाली. आता बऱ्याच ठिकाणी कमिटी उमेदवाराला समोर बसवते आणि फक्त रंग, केस, चेहरा बघते, आजी-आजोबा कृष्णवर्णीय होते हे चालत नाही. कोणाचा चेहरा तपासणं अपमानाचं वाटतं हे खरंच आहे, पण गोऱ्या मुलांनी खोटं सांगून जागा घेतल्याच्या तक्रारी इतक्या आल्या की कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांच्या संघटनांनीच ही तपासणी मागितली.

२०२३ च्या दुरुस्तीत किलोम्बोला, म्हणजे पळून गेलेल्या गुलामांनी वसवलेल्या वस्त्यांमधले लोक, कोट्यात आले, आणि मार्क चांगले असतील तर आधी खुल्या जागेत धरायचं असंही ठरलं.

नुसती सीट देऊन मात्र भागत नाही, फी नसली तरी जेवण, खोलीभाडं, बसचा खर्च असतोच, आणि त्यात गरीब मूल अर्ध्यातच गळतं. त्यासाठी स्वस्त मेस, हॉस्टेल, महिन्याची स्कॉलरशिप अशी मदत २०१० च्या सरकारी आदेशावर चालायची, तिला कायद्याचा आधार मिळायला २०२४ उजाडलं.