मालिश किती वेळ करायची?

"मॅडम, रोज मालिश किती वेळ करायची?" पुण्यात लहान मुलांची फिजिओथेरपी करताना हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. विचारणारी आई हडपसरहून नाहीतर वाघोलीहून दोन बस बदलून आलेली असते, कडेवर तीन वर्षांचं, सेरेब्रल पाल्सीमुळे अजून न चालणारं मूल. धावपळीत तिला नीट उत्तर देता येत नाही, म्हणून इथे लिहिते.

सेरेब्रल पाल्सीत मूळ बिघाड पायात नसतो, वाढत्या मेंदूला इजा झालेली असते. एरवी स्नायूंना आवळायला लावणाऱ्या मज्जारज्जूला मेंदू सतत आवरत असतो. तो लगाम सुटला, की पोटरी जरा ताणली गेली तरी लगेच आवळते आणि मूल चवड्यांवर उभं राहतं. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही, पण मूल वाढतं. हाड लांबतं, आवळलेला स्नायू त्या वेगानं लांबत नाही. म्हणून पाचव्या वर्षी टेकणारी टाच आठव्या वर्षी टेकेनाशी होऊ शकते. स्प्लिंट, म्हणजे पाय योग्य स्थितीत धरून ठेवणारा आधार, देतो ते यासाठी.

मालिशीनं मुलाला बरं वाटतं, आईचा हात लागतो. जरूर करा. पण तेव्हा मूल नुसतं पडून असतं, आणि चालणं शिकायला मेंदूला स्वतःची धडपड लागते. किती? न्यूयॉर्कमध्ये मानसशास्त्रज्ञ कॅरन अडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी १२ ते १९ महिन्यांच्या बाळांची पावलं मोजली. २०१२ साली प्रसिद्ध झालेले आकडे मला अजून चकित करतात: तासाला सरासरी २,३६८ पावलं आणि १७ वेळा पडणं. कसलाही त्रास नसलेल्या बाळांची ही मेहनत आहे. आपलं मूल माझ्याकडे आठवड्यातून दोनदा, पाऊण तास येतं. उरलेला वेळ ते कडेवर असेल, तर पावलं पडणार कधी?

इथे बाजारातल्या बसायच्या वॉकरबद्दल सांगायलाच हवं. त्यात मूल झोळीत लोंबकळतं, चवड्यांनी जमीन ढकलतं आणि तोल सांभाळायची वेळच येत नाही. पायऱ्यांवरून पडून होणाऱ्या दुखापतींमुळे कॅनडानं २००४ साली अशा वॉकरवर बंदी घातली. आजीच्या वेळचा लाकडी पांगुळगाडा वेगळा. तिथे मूल स्वतःच्या पायांवर उभं असतं. धरून उभं राहता येणाऱ्या मुलाला मी तो सुचवते. गाडा पुढे पळू नये म्हणून त्यावर तांदळाची पिशवी ठेवायची आणि मागे कुणीतरी उभं राहायचं.

एकच बाजू कमजोर असेल, तर मूल त्या हाताला विसरूनच जातं. अशा वेळी रोज ठराविक वेळ चांगल्या हातात मोजा घालून खेळायला लावतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या संशोधनातून आलेली ही पद्धत. शिवाय दोन्ही हात लागतील अशी कामं द्यायची. मटार सोलणं, कणकेचा गोळा वळणं, बरणीचं झाकण उघडणं. निम्मे मटार जमिनीवर सांडतील, सांडू द्या. आपण पटकन पुढे होऊन करून टाकतो, तिथेच त्याचा सराव बुडतो.

एक गोष्ट मात्र घरी कुणालाच दिसत नाही. स्वतः चालू न शकणाऱ्या मुलांचं मांडीचं हाड हळूहळू खुब्याच्या वाटीतून सरकू शकतं, सुरुवातीला दुखतही नाही. डॉक्टरांनी खुब्याचा एक्स-रे सांगितला, तर मूल मजेत दिसतंय म्हणून तो पुढे ढकलू नका.